तसबिरीची चौकट

मराठी भाषेत ‘चौकट’ या शब्दाच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. दाराची चौकट आपण ओलांडण्यापुरती पाहतो. पत्त्यांच्या जोडात चौकट इस्पिक आणि बदाम यांच्या मागेच राहते. एखाद्या गृहस्थाचे विचार जुन्या चौकटीतले आहेत असे कोणी म्हणाले, तर त्या गृहस्थाने ते मनाला लावून घ्यावे असाच बोलणाऱ्याचा हेतू असतो. मग तसबिरीच्या चौकटीकडे कोण पाहणार? पाहुणा भिंतीवरच्या देवाला नमस्कार करतो, आजोबांचा फोटो पाहून ‘नाक अगदी त्यांचेच घेतले आहे तुम्ही’ असे म्हणतो. पण चौकट कोणत्या लाकडाची होती, हे त्याला दारापर्यंत जाताना आठवत नाही. आमचीही स्थिती याहून निराळी नव्हती. कलाशाखेची पदवी घेतलेल्या माणसाने चित्राविषयी बोलावे आणि चौकट सुताराने करावी, अशी ही जुनी वाटणी. ती वाटणी गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी मोडली, त्याची ही हकीकत.

वास्तविक मराठी घरांच्या भिंतींवर तसबिरी येऊन फार काळ लोटलेला नाही. पूर्वी चित्र काढावयाचे ते थेट भिंतीवर, वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा देवळाच्या मंडपात. नाहीतर पोथीच्या पानावर, आणि पोथी तर फडक्यात बांधून ठेवावयाची. चित्र काचेआड बसवून खिळ्याला टांगावयाचे, ही रीत छापील चित्रांच्या आणि फोटोग्राफीच्या पावलांनी घरोघर आली. पुण्यास १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली आणि देवादिकांची रंगीत चित्रे सामान्यांच्या आटोक्यात आली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना घातला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. ज्यांच्या घरी मूळ तैलचित्र येण्याची सुतराम शक्यता नव्हती, अशा असंख्य घरांत त्या छापखान्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती जाऊन बसली. पण कागद तो कागद. त्याला धूर लागतो, माशा बसतात, कसर लागते, पावसाळी हवेने तो फुगतो. त्याला काच हवी, काचेला आधार हवा, आणि आधाराला चार बाजू हव्यात. म्हणजे आपल्या भिंतींवर चौकट आली ती मुळात शोभेसाठी नव्हे, कागदाच्या रक्षणासाठी आली. शोभा मागाहून तिच्या अंगाला चिकटली.

ती शोभा किती चिकटू शकते, हे पाहावयाचे असेल तर आम्हां इंदूरकरांना लांब जावे लागत नाही. आम्ही राहतो त्या भागाला ज्या लालबाग राजवाड्याचे नाव मिळाले, त्याचे बांधकाम दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत १८८६ साली सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१ साली पुरे झाले. खान नदीच्या काठच्या या वाड्याचे लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडविलेले आहे. आत गेले की छतावर चित्रे आणि भिंतीभर सोनेरी वेलबुट्टी. सहलीला नेलेली मुले माना वर करून चालतात व एकमेकांवर आदळतात. या युरोपीय थाटाच्या सोनेरी चौकटींविषयी एक मौज सांगण्यासारखी आहे. त्यांवरील फुले आणि पाने लाकडात कोरलेली असतील असे आपण समजतो. पण एकोणिसाव्या शतकापासून पुष्कळ कारागीर खडूची भुकटी, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा लगदा साच्यात दाबून ती पाने काढीत, लाकडावर चिकटवीत आणि वरून सोन्याचा वर्ख देत. राजेरजवाड्यांच्या वैभवातही काटकसर अशी लपलेली असते!

आणि याच शहरात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या चित्रकलेच्या वर्गात नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णु चिंचाळकर अशी मंडळी रेषा गिरवून मोठी झाली. त्यांपैकी हुसेन मुंबईस गेले, ते आरंभी सिनेमाचे प्रचंड फलक रंगवू लागले. त्या फलकांना चौकट नव्हती. आकाश हीच त्यांची चौकट. पुढे काही काळ त्यांनी मुलांसाठी लाकडी सामानाचे नमुनेही आखले. चिंचाळकर गुरुजींना तर वाळके पान, झाडाची साल, फेकून दिलेला लाकडाचा ढलपा यांतच चित्र दिसे. इतके सारे मोठेपण अवतीभवती असून आमच्या हाती करवत यावयास निमित्त मात्र अगदी घरगुती लागले.

आम्ही मूळचे गोव्याचे. घरची बोली कोकणी. पोटापाण्यासाठी माळव्यात आलो आणि मराठी शाळेत मराठी व इतिहास शिकवू लागलो. तीन वर्षांपूर्वी वडील वारले, आणि फोंडे महालातल्या आमच्या घराला कुलूप लावून आई आमच्याकडे इंदूरास राहावयास आली. येताना तिने दोन पातळे कमी आणली, पण एक तसबीर लुगड्यात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर ठेवून आणली. रेल्वेत ती कोणाला हात लावू देईना. तसबीर म्हणजे तिचा आणि वडिलांचा लग्नानंतरचा फोटो. १९८२ साली मडगावच्या एका स्टुडिओत काढलेला, काळापांढरा. वडील खुर्चीवर ताठ बसलेले, आई बाजूला उभी, मागे रंगविलेल्या पडद्यावर कोठल्यातरी देशातला जिना आणि कुंडी. वडिलांचे तरुणपणचे याखेरीज दुसरे चित्र नाही. आमच्या आजोबांच्या शेजारच्या सुताराने त्याला फणसाच्या लाकडाची चौकट केली होती. फणसाचे लाकूड कापताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षानुवर्षांनी गुळासारखे तांबूस होते. ही चौकट गुळाच्या रंगावर आलेली होती.

गोव्याच्या चाळीस पावसाळ्यांनी तिचे जे वाकडे केले नाही, ते माळव्याच्या एका उन्हाळ्याने केले. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. इंदूरात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि एप्रिल-मे महिन्यांत हवा अशी कोरडी की ओला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतो. लाकूड हे मेलेले झाड खरे, पण हवेतील ओलावा पिणे आणि सोडणे ते कधी थांबवीत नाही. त्यातही एक विशेष आहे. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही. बदलते ते रुंदीत. आता चौकटीचा कोपरा डोळ्यांसमोर आणा. दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून एकमेकींना भिडविलेल्या. दोन्ही रुंदीत आकसल्या, लांबीत मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, की टोकाचा कोन पंचेचाळिसाहून कमी होतो आणि सांधा आतल्या बाजूने, म्हणजे फोटोच्या बाजूने उघडतो. दमट हवेत लाकूड फुगले तर हाच सांधा बाहेरच्या बाजूने उघडतो. आमची चौकट चारही कोपऱ्यांत आतून उघडली. त्या फटींतून कसर आत शिरली, आणि फोटोच्या खालच्या कडेला, जिथे गव्हाच्या खळीने कागद चिकटविलेला होता, तिथे तिने नक्षी काढावयास आरंभ केला. कसरीला खळ फार आवडते.

आईने तसबीर भिंतीवरून उतरविली आणि पुन्हा लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. त्यानंतर तिने त्याविषयी एक अक्षर काढले नाही. घरात दुसऱ्या भिंती होत्या, दुसरी चित्रे होती. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर ती ज्या मोकळ्या खिळ्याकडे पाही, तो खिळा आमच्या नजरेतून सुटेना.

एका रविवारी आम्ही तिच्या परवानगीने ती चौकट सोडविली. मागची फळी काढली तेव्हा खरा पेच समोर आला. फोटो निघेना. पूर्वी ज्याने काच बसविली त्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे फोटो काचेला अगदी भिडवून ठेवला होता. मध्ये पुठ्ठ्याची खिडकी ठेवून अंतर राखले नव्हते. फोटोच्या कागदावर सरसासारख्या पदार्थाचा, जिलेटिनचा, पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असते. भिंतीतून ओल आली की तो थर मऊ होतो, काचेला धरतो आणि वाळला की धरूनच राहतो. वडिलांच्या डाव्या खांद्यापासून पडद्यावरच्या कुंडीपर्यंत असा एक तळहाताएवढा डाग होता. तिथे चित्र ओले असल्यासारखे गडद आणि चकचकीत दिसे. लहानपणापासून आम्ही तो डाग पाहत आलो होतो आणि ती स्टुडिओतली सावली आहे असे समजत होतो.

अशा फोटोचे काय करावे? बाजारात दोघांनी सांगितले, ‘पाण्यात ठेवा, सुटेल.’ कधी सुटतोही. पण चाळीस वर्षांच्या जुन्या थरात पाणी गेले म्हणजे चित्राचा तुकडाच काचेवर राहून कागद हाती येण्याचा संभव फार. जुनी कागदपत्रे व फोटो जपणारे जाणकार अशा वेळी फोटो ओढू नका, काच आणि फोटो ही एकच वस्तू समजून ठेवा आणि काचेतूनच त्याची नक्कल काढून घ्या, असा सल्ला देतात. आम्ही हे सारे आईला समजावून सांगितले. धोका पत्करावा की नाही हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हता. फोटोत ती होती.

तिने काच उजेडाकडे धरली. बराच वेळ त्या डागावरून बोट फिरविले. मग म्हणाली, “ती ओल आमच्या घरची पुता. आसूं दी.”

मराठीच्या वर्गात आम्ही मुलांना एकेका वाक्याचे रसग्रहण करावयास लावतो. या वाक्याचे रसग्रहण कोणी करू नये. काच आणि फोटो एकत्रच राहावयाचे, एवढे ठरले.

त्यामुळे दुसरी अडचण उभी राहिली. दुकानदार आपल्या मापाची काच कापतो आणि तिला चौकट करतो. येथे जुनी काच हीच माप होती. एका दुकानात आम्हांला सांगण्यात आले की नवी काच घ्या, तयार पट्टीत बसवून देऊ. दुसऱ्या दुकानात जोखीम घेण्यास नकार मिळाला, आणि तो नकार आम्हांला प्रामाणिक वाटला. तेव्हा चौकट घरीच करावयाची, असे आम्ही जाहीर केले. सौभाग्यवतींनी ‘बरे’ म्हटले. त्या ‘बरे’मध्ये शंका पुष्कळ होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वृद्ध मिस्त्री राहतात. काम सोडून बरीच वर्षे झाली, पण हत्यारे अजून तेल लावून ठेवतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एका पाडलेल्या घराच्या खिडकीतले जुने सागवान काढून दिले. नव्या लाकडापेक्षा जुने बरे. त्याची आकसण्या-फुगण्याची पहिली खोड जिरून गेलेली असते. आम्ही लगेच करवत उचलणार तोच त्यांनी हात धरला. “मास्साब, लकड़ी को आठ दिन घर की हवा खाने दो.” ज्या खोलीत चौकट लागावयाची त्या खोलीत लाकूड आधी ठेवावे, तिथल्या हवेशी त्याची ओळख व्हावी, मग हत्यार लावावे. गोव्यातील चौकट इथे का उघडली, याचा सारा खुलासा त्या एका वाक्यात होता. आम्ही तो वर अर्धा कागद भरून केला. मिस्त्रींना एक वाक्य पुरले.

आठ दिवस लाकूड पलंगाखाली पडून राहिले. तेवढ्यात आम्ही काच मोजली. रुंदी २५४ मिलिमीटर, उंची ३०५ मिलिमीटर. म्हणजे दहा इंच आणि बारा इंच. समोरासमोरच्या बाजू सारख्या, सारे काही ठीक. पण मिस्त्रींनी कर्ण मोजावयास सांगितले. एक भरला ३९९, दुसरा ३९५. नववीच्या वर्गात गणिताचे सहशिक्षक त्या दिवशी रजेवर होते, तास आमच्याकडे आला, आणि आम्ही मुलांना हीच मापे फळ्यावर लिहून दिली. २५४ चा वर्ग अधिक ३०५ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे ३९७. दोन्ही कर्ण ३९७ भरले असते तर काच काटकोनी. ज्याअर्थी एक मोठा आणि एक लहान, त्याअर्थी काच एका अंगाला कलली आहे. किती? एका मुलीने हिशेब करून सांगितले, सुमारे तीन मिलिमीटर. ज्या सिद्धांताला आपण पायथागोरसचे नाव देतो, तो बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या मापांसाठी सांगितलेला आहे, हे इतिहासाच्या मास्तराने तिथे जोडले नसते तर नवल. मुलांना वेदीपेक्षा काचेत अधिक रस वाटला.

आता चौकट काचेसारखी कलती करावी की काटकोनी? आम्ही या विचारात दोन संध्याकाळी घालविल्या. चारही कोपऱ्यांचे कोन निरनिराळे कापावे लागतील असे कागदावर काढलेही. मिस्त्रींनी तो कागद पाहिला आणि उलटा ठेवला. त्यांचे म्हणणे, चौकट गुण्यात असावी. कारण डोळ्याला दिसते ती चौकट. काच आत जरा तिरकी बसली तर तिची कड लाकडाआड झाकली जाते. म्हणून खाच काचेहून चार मिलिमीटर सैल ठेवावयाची. ही खाच, जिला सुतार ‘पताम’ म्हणतात, तीच तसबिरीच्या चौकटीची खरी खूण. दाराच्या चौकटीत दार हलते. तसबिरीच्या चौकटीत काच या पतामात विसावते. आमच्या चाळीस मिलिमीटर रुंद पट्टीला आठ मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर खोल पताम हवे होते. मिस्त्रींनी त्यांचा पताम रंधा दिला. पहिली वीतभर त्यांनी स्वतः मारून दाखविली, आणि पुढची सारी लांबी आम्ही मारली. सागाच्या छिलक्यांचा वास घरभर पसरला. शेजारच्या काकू विचारावयास आल्या की काय शिजते आहे.

किती लाकूड लागते, याचा हिशेब मुलांनी करून पाहावा. पतामाचे आतले माप २५८ गुणिले ३०९. पट्टीचा जो भाग पतामाबाहेर राहतो तो बत्तीस मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून चौसष्ट. म्हणून बाहेरचे माप ३२२ गुणिले ३७३, आणि चारही बाजू मिळून १३९० मिलिमीटर. करवतीच्या दातांत जाणारा चुरा वेगळा. पाच फुटांची पट्टी, म्हणजे १५२४ मिलिमीटर, पुरून चार-पाच बोटे उरते.

कापताना दोन गोष्टींना शरण जावे लागते. समोरासमोरच्या दोन पट्ट्या केसाएवढ्याही कमीजास्त चालत नाहीत. त्या एकीवर एक ठेवून टोकांवरून नख फिरवावे, नख अडखळले की पुन्हा घासावे. दुसरी गोष्ट कोनाची. चौकटीला आठ काप असतात. प्रत्येक कापात अर्धा अंश कमी पडला, तर एकेकटा कोणाला दिसणार नाही. पण तीन कोपरे मिटवून चौथ्याकडे यावे तो चार अंशांची फट तिथे वाट पाहत असते. म्हणून पंचेचाळीस अंशांची खाच पाडलेली लाकडी पेटी घेऊन करवत तिच्यातूनच चालवावी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबण्याचा हा विषय नव्हे.

मग सरस. आमच्या आजोबांच्या काळी जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस शेगडीवर वितळवीत आणि त्याच्या वासाने सुताराचे घर ओळखू येई. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि तो पांढरा डबा सुताराच्या पिशवीत जाऊन बसला. लाकडाचा कापलेला शेवट म्हणजे बारीक नळ्यांची तोंडेच. ती सरस शोषून घेतात आणि सांध्यात काही उरत नाही. यासाठी आधी पातळ हात देऊन तो थोडा शोषू द्यावा, मग दुसरा हात देऊन सांधा मिटवावा. मिटवून दाबावयाचा कसा? बाजारात यासाठी पकडी मिळतात. मिस्त्रींनी सुतळी आणली. चारही कोपऱ्यांवर लाकडाचे काटकोनी ठोकळे ठेवून सुतळी दोनदा गुंडाळली, तिच्यात पेन्सिल अडकविली आणि पिळली. पिळावे तसे चारही सांधे एकदम, सारख्या जोराने आवळले गेले. कर्ण मोजले, दोन्ही सारखे. तपासलेल्या वह्यांचा ढीग त्या रात्री चौकटीच्या कोपऱ्यांवर वजन म्हणून ठेवला. त्या वह्यांचा इतका निश्चित उपयोग आम्ही प्रथमच पाहिला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांत आडवी चीर पाडून तीत सागाची पातळ चीप सरसाने बसविली. नुसता सरस सांधा धरतो. चीप त्याला राखते. पुढच्या वैशाखात याच चिपांची परीक्षा व्हावयाची आहे.

खिळ्यांच्या खरेदीचा प्रसंग येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बारीक खिळ्यांना ‘चुका’ म्हणतात. शहरातल्या एका जुन्या मराठी दुकानदाराकडे आम्ही गेलो, तर तो चष्म्यावरून पाहत म्हणाला, “गुरुजी, चुका किती देऊ?” रोज लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या माणसाला पैसे देऊन शंभर ग्रॅम चुका घराकडे न्याव्या लागल्या!

ही वार्ता शाळेत पसरली तेव्हा आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्यापाशी आला. त्याच्या वडिलांचे तसबिरींचे दुकान आहे. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “सर, सगळे घरीच करू लागले तर बाबांनी काय करायचे?” प्रश्न रास्त होता, आणि तो विचारण्याचे धैर्यही. तंत्राने त्याच्या वडिलांचा धंदा आधीच अडचणीत आणला आहे. फोटो आता माणसांच्या खिशातल्या फोनमध्ये राहतात, भिंतीवर येतच नाहीत. जे येतात त्यांना फायबरची सोनेरी पट्टी पुरते, कारण ती ओलीला फुगत नाही आणि वाळवी तिला तोंड लावीत नाही. आम्ही त्याला खरे तेच सांगितले. या एका चौकटीला आमचे पाच रविवार लागले. त्याच्या वडिलांच्या यंत्रावर चार पट्ट्या चहा निवण्याच्या आत कापून होतात. शाळेच्या सभागृहातल्या वीस तसबिरींना नव्या चौकटी लावावयाच्या आहेत. त्या घरी करू म्हणणारा मनुष्य शहाणा नव्हे. ते काम आम्ही मुख्याध्यापकांना विचारून त्याच्या वडिलांकडे पाठविले आहे. त्या वीस तसबिरींत फोटो आणि काच यांमध्ये पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी, आणि पुठ्ठा सुती कागदाचा, आम्लरहित असावा, एवढी अट घातली. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल फोटोच्या कडेने तपकिरी रेघ उमटवीत जाते. मुलाने ते वहीत लिहून घेतले. त्याच्या वडिलांनी असा पुठ्ठा पाठवून दाखविला, तेव्हा ध्यानात आले की त्यांना हे सारे ठाऊक होते. गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून ते बोलत नव्हते.

काहीजण विचारतात, शिक्षकाने हे उद्योग का करावे? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना मांडली, तेव्हापासून आपल्याकडे तिच्याविषयी आदराने बोलले जाते. सुताराच्या मुलाला वर्गात त्याचे ज्ञान सांगावयास मात्र आपण सहसा उभे करीत नाही. पांढरपेशा मनाला करवतीची थोडी लाज वाटते, आमच्याही आप्तांपैकी एकाने दूरध्वनीवर ‘मास्तरकी सोडलीस काय?’ असे विचारलेच. आईने फोन हातात घेऊन त्यांना काय उत्तर दिले ते कोकणीत होते आणि कोकणीतच राहू द्यावे.

लाकूड घासावयास पॉलिश कागद दोन लागले, आधी जाड दाण्याचा, मग बारीक. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे, आडवे घासल्यास ओरखडे तेल लावल्यावर उमटतात. वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. या तेलाविषयी एक गोष्ट मुलांनी अवश्य लक्षात ठेवावी. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. चुरगाळलेल्या चिंधीत ती साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी पसरून उघड्यावर वाळवावी. छिलके आणि भुसा सकाळी गाणे वाजवीत येणाऱ्या कचरागाडीत टाकावयास गेलो, तर त्यांचा कप्पा कोणता यावर गल्लीत छोटी सभा भरली. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक २०१७ पासून वर्षानुवर्षे राखणाऱ्या शहरात भुसासुद्धा नियमाने जातो.

काच बसविण्यापूर्वी एका स्टुडिओत काचेतूनच फोटोची नक्कल काढून घेतली. ती मडगावला बहिणीकडे गेली. मूळ फोटो काचेसकट पतामात ठेवला. त्याच्या मागे सुती कागद, त्यामागे फळी, फळी चुकांनी अडकविलेली आणि सगळ्यावर धूळ रोखणारा कागद चिकटविलेला. खळीने मात्र नव्हे. वरून तिसऱ्या हिश्श्यावर दोन कड्या, त्यांत तार, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत मागल्या बाजूला बुचाचे दोन तुकडे, म्हणजे तसबीर आणि भिंत यांमधून वारा खेळेल. माळव्याच्या भिंतींना गोव्याची ओल नाही. तरी पावसाळा तो पावसाळाच.

तसबीर कोठे लावावयाची हे आईनेच सांगितले. पूर्वीच्या खिळ्यावर नको. तो खिळा बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. तिला ती स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात हवी होती, जिथून दिवसातून पन्नास वेळा जाणे होते. वडील शर्ट घालून ताठ बसले आहेत, डाव्या खांद्यावर घरची ओल आहे, काच तीन मिलिमीटर कललेली आहे आणि चौकट सरळ आहे. पहिल्या दिवशी तिने लांबून पाहिले, जवळ जाऊन कोपऱ्यावर नख फिरविले, नख कोठे अडखळले नाही. “बरें जालें,” ती म्हणाली, आणि भाजी करपते आहे म्हणून आत गेली.

पट्टीचा उरलेला चार-पाच बोटांचा तुकडा आम्ही काही दिवस टेबलावर ठेवला होता. सध्या तो तिच्या खोलीच्या खिडकीत आहे. वारा सुटला की झडप आपटू नये म्हणून.